बोटीचं पाणी

सखाराम,

तुझी लेक तुझ्या घरात पाणी पीत नाही. आज तुला जाऊन आठवा दिवस आहे. तार मिळताच ती जयगडहून निघाली, बोट, रेल्वे आणि एस.टी. करत तिसऱ्या दिवशी चिखलीला पोचली, तोवर तुझी राख सावडून झाली होती. ती रडली, आईला मिठी मारून बसली, लेकराला खुंटीवरचा तुझा फेटा दाखवला. पण माजघरातल्या रांजणाला तिनं अजून हात लावलेला नाही. सुतकाच्या घरी जेवण शेजारून येतं, त्याबरोबर पाण्याची कळशीही ती शेजारचीच मागून घेते, म्हणून पाहुण्यारावळ्यांच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आईच्या, दुर्गावहिनींच्या, आलं. काल मी निघताना त्यांनी दाराआडून हाक मारली.

“भाऊजी, पोरगी रांजणाले हात लावत नाई. वैशाखाचं ऊन हाय. तुमी बोलता काय तिच्याशी?”

बोलतो म्हणालो. म्हणायला काय जातं? घरी आलो आणि तुझ्यावर असा संताप आला, की मेलेल्या माणसावर एवढा राग धरू नये हे कळत असूनही पुष्कळ वेळ फेऱ्या मारत राहिलो. मग ध्यानात आलं, की हा राग तुझ्या एकट्यावरचा नाही. कमलशी बोलायचं तर मला एक गोष्ट कबूल करावी लागेल, आणि ती कबुली आधी तुला द्यायला हवी होती. पन्नास वर्षांत तुझ्यापासून शेवटपर्यंत लपवलेली ती एकच गोष्ट. म्हणून शाळेची वही घेऊन बसलो आहे. तू वाचणार नाहीस. तसाही तू माझं लिहिलेलं कधी वाचत नव्हतास.

सुरुवात तुझ्या त्या आंघोळीपासून करतो. रस्त्याच्या मोजणीसाठी आलेला तो कोकणातला पोरगा आणि आपली कमल यांनी बुलढाण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं, ही बातमी मीच तुला मळ्यात आणून दिली. जात वेगळी, मुलूख वेगळा, वर मासे खाणारा. तू हातातलं फावडं ठेवलंस, विहिरीवर गेलास, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतलंस. मेलेल्या माणसाची आंघोळ. मिरच्या तोडणाऱ्या बाया तोंडात पदर घालून बघत राहिल्या.

“जित्या लेकराची आंघोळ करून राह्यला तू?” मी ओरडलो होतो.

“मास्तर, तुले पोर नाई. तू मले शिकवू नको.”

खरं बोललास. आम्हाला मूल नव्हतं. पण कमलला पाटीवर पहिलं अक्षर मी काढून दिलं होतं, मॅट्रिकपर्यंत ती माझ्याच घराच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची, आणि दिवाळीला तिच्यासाठी परकर शिवताना माझी बायको तुला विचारत नसे. ती तुझ्यासाठी मेली त्या दिवशी माझ्याही घरातलं कोणीतरी गेलं होतं. तुला ते सुचलं नाही, आणि मी ते बोललो नाही.

त्यानंतर तिची पत्रं शाळेच्या पत्त्यावर येऊ लागली. जयगडला घर आहे, दारात माड आहेत, सासू बरी आहे, बाळ झालं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न: बाबांचा खोकला कसा आहे? पत्र वाचून मी तुझ्या मळ्यात यायचो, बांधावर बसायचो, आणि तुझा खोकला कसा आहे ते बघून जायचो. तुला वाटायचं, मास्तराला घरी करमत नाही.

तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ बसली आहे, समुद्राची हवा घेऊन या. मी तो शब्द पकडला. राज्य नवं झालेलं, शाळेतला नकाशाही नवा आलेला, आणि मी वर्षानुवर्षं छडी टेकवून पोरांकडून घोकून घेत होतो: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. तुला म्हणालो, मे महिन्याची सुट्टी आहे, नांगरट झाली आहे, पेरणीला अवकाश आहे. बोटीनं सावकाश जाऊ, वाटेल त्या बंदरावर उतरू, दोन दिवस राहू, पुढची बोट पकडू. घाई कसलीच नाही. तू लगेच हो म्हणालास याचं मला नवल वाटलं.

वहिनींना सगळं ठाऊक होतं. निघायच्या दिवशी त्यांनी तुझ्या पिशवीत फिरकीचा तांब्या आणि भाकऱ्या भरल्या, आणि माझ्या ट्रंकेत हळूच एक गाठोडं सरकवलं. एक खण, एक झबलं, तिळाची चटणी. “तेवढं पोरीले पोचवा,” म्हणाल्या, “अन् जमलं तं यायलेबी पोचवा.” तर ही आपली समुद्रसफर. तुला हवा खायला नेतो म्हणून मी तुला तुझ्या लेकीकडे घेऊन चाललो होतो.

आणि तरीही सखाराम, ते पहिले चार दिवस आठवले की मला आजही हसू येतं. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि तू कठडा दोन्ही हातांनी धरून, नजरेनं पाण्याचा बांध शोधत विचारलंस, “मास्तर, हे कोठीच बांधेल नाई काय?” डेकवर आपण सतरंजी पसरली. आजूबाजूला गावी निघालेले चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, पोरं. शेजारच्या एका पुणेरी गृहस्थांनी तुझं बोलणं ऐकून विचारलं, आपण मध्यप्रदेशचे का? तू म्हणालास, “नाई बाप्पा, चिखलीचे. तुमी कोठचे, परदेशातले?” ते पुढं हर्णैपर्यंत बोलले नाहीत.

हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब समुद्रातच थांबते आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेतात, हे मी कोणत्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. खलाशानं तुला बगलेत हात घालून खालच्या हलत्या पडावात सोडलं तेव्हा तू जी हाळी दिलीस ती मळ्यातून चिखलीच्या बाजारापर्यंत गेली असती. आणि दुसऱ्या दिवशीचं ते धोतर! धुतलेलं धोतर तू वाळूवर चारी टोकांना दगड ठेवून वाळत घातलंस आणि आपण किल्ला बघत बसलो. परत येऊन बघतो तर तिथं गुडघाभर पाणी. तू कमरेवर हात ठेवून चारीकडे बघितलंस आणि रागानं ओरडलास, “पाणी कोणं सोडलं बे इकडे?” जन्मभर वाफ्यांना पाणी देणारा माणूस तू. पाणी आलं म्हणजे कोणीतरी सोडलंच असणार. कोळणी हसून हसून वाळूत बसल्या. मी तुला भरती-ओहोटी समजावून सांगितली, चंद्र सांगितला, तू ऐकून घेतलंस, आणि म्हणालास, “चंद्रानं सांगून सोडावं मंग.”

रोज भात. भाकरी संपल्या आणि तुझं तोंड उतरलं. “भातानं पोट भरते काय? हे तं पाहुण्याले हाकलायचं जेवण झालं.” पण खोकला कमी झाला होता. तू झोपत होतास. आणि जिथं जाशील तिथं समुद्राचं पाणी बोटावर घेऊन चाखत होतास.

तुझ्या जिभेबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. पिंपळगाव राजापासून देऊळगाव राजापर्यंत कुणी नवी विहीर खणली की पहिलं पाणी चाखायला तुला बोलावणं येई. तू घोट तोंडात धरायचास, डोळे मिटायचास, आणि सांगायचास: जड आहे, मचूळ आहे, खाली चुनखडी आहे, मिरचीला चालेल पण पानमळ्याला नाही. मी विज्ञान शिकवणारा माणूस, माझा विश्वास नव्हता. म्हणून एकदा सहा विहिरींचं पाणी सहा भांड्यांत आणून तुझ्यापुढं ठेवलं. तू सहाही ओळखल्यास आणि वर म्हणालास, चौथं भांडं घासेल नाई.

दाभोळलाही तू बोट बुडवून चाखलंस. “हे हर्णैसारखं नाई. यात नदी हाय.” मी नकाशा उघडला. खरंच वाशिष्ठी तिथं समुद्राला मिळते. मी ती नदी किती वर्षं शिकवली होती आणि मला तिथं उभा असताना ती आठवली नाही, आणि तुला ती बोटावर कळली. मी तेव्हा खूप हसलो. आता वाटतं, तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी धक्क्यावर एक बाई कडेवर लेकरू घेऊन पडावातून उतरली. तू तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत होतास. म्हणालास, “इकडच्या बाया एकट्याच हिंडतात बे.” मग थोड्या वेळानं: “इकडचं विहिरीचं पाणी कसं असंल?” मी म्हणालो, चाखून बघू. तू मान हलवलीस. तू कोकणातल्या कुणाच्या विहिरीबद्दल विचारत होतास ते मला कळलं होतं, सखाराम. तेव्हाच बोललो असतो तर तुझ्याजवळ विचार करायला एक अख्खा दिवस राहिला असता. मी भित्रा आहे. मी वाट बघितली.

दुसऱ्या दिवशी बोट जयगडजवळ आली, ऊन उतरत होतं, पांढरा दीपस्तंभ दिसायला लागला, तेव्हा सांगितलं. “सखाराम, इथं कमल राहते. ती पडावातून बोटीवर येणार आहे. लेकराला घेऊन. तिला मीच कळवलंय.”

मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडला असतास तर मला उत्तर देता आलं असतं. तू आपली पिशवी उचललीस आणि डेकच्या दुसऱ्या बाजूला, जिकडे नुसता समुद्र होता तिकडे, किनाऱ्याला पाठ करून जाऊन बसलास.

पडाव आले. मी खालच्या दरवाज्याशी गेलो. पहिल्याच पडावात ती उभी होती, हिरवं लुगडं, कडेवर लेकरू, हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. तो तांब्या मी ओळखला. चिखलीला शिकवणी करून मिळालेल्या पहिल्या पैशातून तिनं तो घेतला होता आणि कासाराकडून नाव घालून घेतलं होतं: कमल सखाराम. लग्नाला जाताना तिनं तुझ्या घरातली तेवढीच वस्तू नेली होती.

“बाबा कोठी हायेत, काका?”

“वर आहे,” मी म्हणालो. “झोप लागलीय. तब्येत जरा…”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं, आणि चढायला उचललेला पाय मागं घेतला. मग तिनं दोनदा हाक मारली, “बाबा! ओ बाबा!” खलाशांचा गोंगाट होता, ट्रंका खाली जात होत्या, करंड्या वर येत होत्या. तुला ऐकू गेलं की नाही, तूच जाण.

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. “काका, लेकीच्या घरचं पाणी बाप पेत नाई, मले ठाऊक हाय. ते माझ्या घरी येऊनबी पेले नसते. म्हणून मीच घेऊन आली. बोट काई माझं घर नाई.”

ही अक्कल तिला कुणी दिली? आपल्याकडचे जुने लोक ही रीत जन्मभर पाळतात, आणि या पोरीनं रीत न मोडता तिच्यातून वाट काढली होती. मी गाठोडं तिच्या हातात दिलं. तेवढ्यात भोंगा झाला, पडाव बाजूला झाला, ती उभीच होती. मी हात हलवत राहिलो. वर आलो तर तू तसाच बसलेला. विचारलंस, “बोट काऊन थांबली होती इतका वेळ?”

आता ऐक. इथून पुढं माझं पाप आहे.

अर्ध्या तासानं तुला खोकल्याची उबळ आली. तुझा तांब्या रिकामा होता. “पाणी आण बे,” म्हणालास. मी तुझा तांब्या घेऊन खाली गेलो. बोटीच्या नळाला दाटी होती. आणि जिन्याखालच्या माझ्या ट्रंकेत मघाशी ठेवलेला कमलचा तांब्या भरलेला होता. तो तसाच दिला असता तर तू नाव वाचलं असतंस. मी जिन्याखाली बसून तिचं पाणी तुझ्या तांब्यात ओतलं.

तू पहिला घोट तोंडात धरलास. डोळे मिटलेस. विहिरीवर करायचास तसंच. मग गिळलास आणि माझ्याकडे बघितलंस.

“कोठचं पाणी हाय हे, मास्तर?”

“बोटीचं.”

“बोटीचं पाणी इतकं गोड असते?”

“आज नवीन भरलं असेल.”

चार दिवस तू बोटीच्या नळाला शिव्या देत होतास, गंजलेल्या पत्र्याची चव आहे म्हणून. आता भांडं पुन्हा पुढं केलंस. “आणखी दे.” एक एक भांडं करत तू तांब्या संपवलास, फेटा तोंडावर घेतलास आणि आडवा झालास. तुझी छाती खालीवर होत होती, पण खोकला नव्हता.

रत्नागिरीला उतरल्यावर मी कमलला कार्ड टाकलं. “तुझ्या हातचं पाणी तुझा बाप प्यायला. पोटभर प्यायला.” कसं प्यायला ते लिहिलं नाही. चांगल्या कामात थोडं खोटं चालतं, असं मी वर्गात कधी शिकवलं नाही, पण स्वतः तेच केलं. परतीच्या बोटीवर जयगड आलं तेव्हा तू झोपेचं सोंग घेतलंस आणि मी वर्तमानपत्राचं. घरी आलो. वहिनींनी मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनीच होकार दिला, आणि त्या माउलीनं देवापुढं साखर ठेवली.

त्या कार्डाच्या भरवशावर ती पोरगी पुढच्या आखाजीला आली. सासुरवाशिणींनी माहेरी यायचा सण. तुझ्या दारी त्या दिवशी पितरांचं जेवण, अंगणात तुझी सगळी भावकी पत्रावळींवर बसलेली, मीही होतो. ती लेकरू घेऊन अंगणात उभी राहिली. वहिनी आनंदानं पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आल्या. तू उठून दारात आडवा उभा राहिलास.

ती म्हणाली, “बाबा, बोटीवर माझ्या हातचं पाणी पेले ना तुमी? मंग आता घरात काऊन नाई घेत?”

तुझा चुलतभाऊ घास हातात धरून बघायला लागला. तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

“मास्तर, तू होता संगं. सांग सगळ्यायले. पेलो काय मी हिच्या हातचं पाणी?”

मी म्हणालो, “नाही.”

एवढं दोन अक्षरी पाप, आणि ते मी तुझ्यासाठी केलं असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. भावकीत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. फसवून पाजलं हे कळलं तर तू मला कायमचा तोडशील, ही भीती त्याच्या खाली होती. खरं कारण तेच. कमलनं तुझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग आईच्या हातातला तांब्या तिनं घेतला आणि न पिता ओट्यावर ठेवला. “या घरचं पाणी मले नको,” म्हणाली, आणि आल्या पावली एस.टी. स्टँडवर गेली. मी मागं गेलो नाही. त्यानंतर तिचं एकही पत्र शाळेत आलं नाही.

आणि आपण दोघं? आपण रोज संध्याकाळी मळ्याच्या बांधावर बसत राहिलो. मिरचीचे भाव, पोरांचे निकाल, पाऊस. तीन वर्षांत फक्त एकदा तू म्हणालास, “मास्तर, त्या आखाजीले…” तू काडीनं माती उकरत राहिलास आणि म्हणालास, “जाऊ दे.” मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

आता तू नाहीस तर तोच प्रश्न मला छळतो आहे. त्या दिवशी दारात तू मला काय विचारत होतास? सहा विहिरींचं पाणी ओळखणारा तू, तुला त्या तांब्यातलं पाणी कळलं नसेल? जयगड सोडून अर्धा तास झाला होता! तुला कळलं होतं, आणि कळूनही तू दुसऱ्यांदा भांडं पुढं केलंस. मग पंगतीसमोर तू माझ्याकडून ‘नाही’ म्हणवून घेत होतास, की ‘हो’? तुला स्वतःला ‘हो’ म्हणता येत नव्हतं, भावकीसमोर तुझी आंघोळ तुझ्या गळ्यात अडकली होती. मास्तराच्या शब्दाला गावात किंमत होती. मास्तर ‘हो’ म्हणाला असता तर तू काय केलं असतंस? दारातून बाजूला झाला असतास? की मी खरंच तुला फसवलं होतं, आणि तू खरंच दुखावून विचारत होतास? दोन्हीपैकी कोणतंही खरं असलं तरी मी अपराधी आहे, हे मात्र मी सोडवून पाहिलं आहे.

सखाराम, तूही काही कमी नव्हतास. एका शब्दासाठी जीव अडला असताना तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून काढायला बघायचं, ही तुझी जुनी खोड. शाळेतही गुरुजींनी विचारलं की तू माझ्याकडे बघायचास.

चल. ट्रंकेतून कमलचा तांब्या काढला आहे. तिला तो परत द्यायचा राहून गेला. चिंचेनं घासला. जाऊन येतो.

हे वरचं लिहिलं ते दुपारी. आता दिवेलागण झाली आहे.

ती माजघरात आईजवळ बसली होती. लेकरू झोपलेलं. मी तांब्या तिच्यापुढं ठेवला. तिनं नावावरून बोट फिरवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, वर्गात नापास पोरगं पाठ म्हणतं तसं. झोप लागलीय म्हणालो ते खोटं. जिन्याखाली पाणी ओतलं. बोटीचं म्हणून पाजलं. कार्डावर अर्धंच लिहिलं. आणि दारात ‘नाही’ म्हणालो. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनाही हे नवीनच होतं.

कमलनं तांब्या मांडीवर घेतला. मग विचारलं, “पयला घोट त्यायनं तोंडात धरला होता?”

“हो.”

“डोये मिटले होते?”

“हो.”

“अन् इचारलं, कोठचं हाय म्हणून?”

“विचारलं. बोटीचं पाणी इतकं गोड असते का म्हणाला.”

“अन् मंग आणखी मागितलं.”

“मागून घेतलं. सगळा तांब्या संपवला.”

तिचे डोळे भरून आले, पण आवाज साधाच होता. “काका, बाबाले बोटीचं पाणी अन् घरचं पाणी कळत नाई, असं वाटलं तुमाले?”

“मग तो दारात तसं का म्हणाला गं?”

“तुमी ‘हो’ म्हणाले असते तं ते चूप बसले असते,” ती म्हणाली. “मले माहीत हाय. माझा बाप होता तो.” मग माझ्याकडे सरळ बघून: “तुमाले मी माफ नाई करून राह्यली, काका. एवढ्यात तं नाईच.”

मी मान हलवली. मागितलीही नव्हती. जायला वळलो, तेव्हा ती आईला म्हणाली, “आई, पाणी दे.”

वहिनींना आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा त्या इतक्या घाईनं उठल्या की रांजणाचं झाकण खाली पडून वाजलं. त्यांनी भांडं भरून दिलं. मी उंबऱ्यात उभा होतो, सखाराम, म्हणून तुला नीट सांगू शकतो. तुझ्या लेकीनं पहिला घोट तोंडात धरला. डोळे मिटले. मग गिळला आणि म्हणाली, “जड झालं पाणी. विहीर उपसली नाई काय यंदा?”

दर वैशाखात तू म्हणायचास तेच, आणि तुझ्याच आवाजात. वहिनींनी तोंडात पदर धरला. यंदा तू खाटेवर होतास, विहीर कोण उपसणार होतं? “उद्या माणसं लावतो,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं भांडं पुन्हा पुढं केलं, आणि वहिनींनी ते भरलं.